पायाखालची वाळू

माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची होती. मुद्रिते तपासायला बसलो, आणि हातात तांबडी पेन्सिल आली की शाळामास्तराला जो मोह होतो तो मलाही झाला. मी चुका मोजू लागलो. शुद्धलेखनाच्या फारशा निघाल्या नाहीत. पण दोनशेचाळीस पानांत पायाखालची वाळू अकरा वेळा सरकली होती! पाच वेळा नायकाच्या, चार वेळा नायिकेच्या, एकदा तिच्या वडिलांच्या, आणि एकदा तर ज्याचा कथानकाशी काडीचा संबंध नाही अशा एका तलाठ्याच्या पायाखालची. कादंबरी घडते बालाघाटच्या डोंगरात. तिथे पायाखाली काळा फत्तर असतो. वाळू हवी तर गाडी जुंपून नदीवर जावे लागते.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. बाका प्रसंग आला म्हणजे मराठी माणूस काय बोलतो, आणि आम्ही लेखक त्याच्या तोंडी काय घालतो? या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. दिवाळीच्या दिवसांत, चकलीच्या सोऱ्याशी झटापट चाललेली असताना, असला विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण त्या सोऱ्याकडेही पुढे यायचेच आहे.

आधी त्या बिचाऱ्या वाळूला न्याय दिला पाहिजे. हा वाक्संप्रदाय ज्याने प्रथम उच्चारला तो समुद्रकाठचा असावा. ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यात उभे राहून पाहा. लाट मागे फिरते आणि टाचेखालची वाळू अलगद घेऊन जाते. आपण जागच्या जागी असतो, भोवती काहीच हललेले दिसत नाही. पण टाच खाली जाते आणि पोटात खड्डा पडतो. नवऱ्याची नोकरी गेल्याचे जिला दाराशी उभ्या उभ्या कळते त्या बाईची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही. तेव्हा शब्दात खोट नव्हती. तो अकरा वेळा वापरणाऱ्याने समुद्र आठवला नव्हता, एवढेच.

आपले असले पुष्कळसे शब्द एके काळी कुणाच्या तरी प्रत्यक्ष अंगावर आलेले आहेत. ‘पाचावर धारण बसणे’ घ्या. हल्लीच्या कथांत अंधारात मांजर आडवे गेले तरी नायकाची पाचावर धारण बसते. धारण म्हणजे बाजारातला धान्याचा भाव. रुपयाला अमुक शेर, असा भाव सांगण्याची जुनी रीत होती. आकडा जितका खाली उतरे तितकी महागाई. धारण उतरत उतरत पाचावर येऊन बसली, म्हणजे दुष्काळ उंबऱ्याशी आला, असा या बोलण्याचा उगम सांगतात. चार पोरांच्या बापाने बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत येताना उच्चारलेला हा आकडा आहे. त्यात भूत नाही, मांजर नाही. त्यात शेर आहेत, रुपया आहे, आणि घरी वाट पाहणारी तोंडे आहेत. ‘नाकी नऊ येणे’ याचेही तसेच. शरीराची नवही द्वारे म्हणे नाकाशी गोळा होतात, म्हणजे श्वास तेवढा उरतो. आज मुलाच्या शाळेच्या प्रवेशापायी आपल्या नाकी नऊ येतात. एका अर्थी तेही खरेच म्हणायचे!

पण मला सगळ्यांत मौज वाटते ती घटकेची. घड्याळे घरोघर नव्हती तेव्हा लग्नघरी घंगाळात पाणी भरून त्यात घटिकापात्र सोडीत. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी हळूहळू भरे आणि बुडे. ती बुडाली की एक घटका झाली. आपल्या हिशेबाने चोवीस मिनिटे. अशा साठ घटकांचा एक दिवस. जोशीबुवा त्या वाटीवर नजर लावून बसलेले, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना, मामा मागे उभे, मांडवात कुणाची तरी अक्षतांसाठी हाकाटी, आणि वाटी भरत आलेली. मुहूर्त जवळ आला की भटजींचा आवाज चढतो, ताराबल आणि चंद्रबल यांचा घोष घाईघाईने होतो, आणि त्या घाईचे नावच मुळी ‘तारांबळ’ पडले, असे कोशकार म्हणतात. पंचांगातला एक गंभीर संस्कृत शब्द आमच्या आजीच्या तोंडी येऊन पाहुण्यांच्या चहाला साखर नसल्याच्या प्रसंगाला लागू झाला. आणि तीच घटका जेव्हा कुणा म्हाताऱ्याबद्दल ‘भरली’ असे म्हणतात तेव्हा घरातली माणसे आवाज खाली आणतात. बोहल्यावर आणि अंथरुणावर एकच वाटी बुडते. इतकी कडक उपमा एखाद्या कवीने केली असती तर आपण त्याचा सत्कार केला असता. ही कुणी केली कोण जाणे.

त्याच मांडवातला ‘सावधान’ हा शब्द पाहा. रोज शेकडो लग्नांत तो उच्चारला जातो आणि कुणी सावध होत नाही. एक बारा वर्षांचा मुलगा तेवढा तो ऐकून खरोखर सावध झाला आणि बोहल्यावरून पळाला, अशी रामदासांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथेच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. रुळलेल्या शब्दाचा अर्थ एखाद्याला एकाएकी ऐकू येतो, ही गोष्ट मात्र मला फार खरी वाटते. लेखकाचा धंदा तो तेवढाच असावा.

‘आणीबाणी’ या शब्दाचे नशीब मात्र निराळे निघाले. हा घरगुती शब्द होता. आणीबाणीला असावेत म्हणून बायका डाळीच्या डब्यात चार पैसे ठेवीत. पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मराठी भाषांतरात तो जाऊन बसला. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली, ती १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. ३ डिसेंबर १९७१ला युद्धामुळे पुन्हा जाहीर झाली. या दोन्ही वेळी शब्दाचा घरगुतीपणा गेला नाही. लोक त्याला युद्धाशी जोडून विसरले. पण २५ जून १९७५ला अंतर्गत अशांततेच्या कारणाने जी आली, आणि २१ मार्च १९७७ला गेली, तिने हा शब्द कायमचा आपल्या नावावर करून घेतला. आज ‘आणीबाणी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वर्ष येते. डाळीच्या डब्यातल्या पैशांना आता दुसरा शब्द शोधायला हवा.

आणि त्या आणीबाणीत बोललेले मराठीतले सर्वांत धीट बोलणे कोणते? १९७५च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थना करायला सांगितले. आजारी माणसासाठी प्रार्थना, एवढीच गोष्ट! आजीने सांजवात लावताना म्हणावी तशी. पण त्या मांडवात बसलेल्यांतला प्रत्येक जण काय ते समजला. दुर्गाबाईंनी स्वातंत्र्यावर स्पष्ट भाषणेही केली आणि पुढे तुरुंगवासही सोसला. परंतु लोकांच्या आठवणीत आजही पुढे उभी राहते ती प्रार्थना.

मला जे सांगायचे आहे ते इथे सापडू लागते. वेळ जितकी बिकट, तितका मराठी माणूस बाजूने बोलतो. मोठा शब्द तो टाळतो आणि हाताशी असलेली लहान वस्तू उचलतो. इतिहासात याचे दाखले शोधायला फार लांब जायला नको. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला जे झाले त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली ती एका सावकारी पत्रातून. त्यात भाऊसाहेबांचे नाव नाही, विश्वासरावांचे नाव नाही. दोन मोत्ये, काही मोहरा आणि मोजदाद न होणारा खुर्दा गेला, अशी सराफी भाषा आहे. ते गुप्ततेसाठी होते हे मान्य. तरीही विचार करा, घराण्यातला थोरला मुलगा गेल्याचे बापाला ‘मोती गळाले’ या शब्दांत कळले. यावर ज्या कादंबऱ्या नंतर लिहिल्या गेल्या त्यांतल्या शोकाच्या पानांपेक्षा तो एक हिशेब मला जड वाटतो.

त्याच घराण्यात पुढे ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात जे घडले त्यातूनही मराठीला दोन बोलणी मिळाली. ‘ध’चा ‘मा’ करणे हे एक. आख्यायिका म्हणा, पण एका अक्षराच्या खाडाखोडीवर एक जीव गेला ही कल्पना मराठी मनाला इतकी पटली की आज कारकुनाने अर्जातला आकडा बदलला तरी आपण तेच म्हणतो. दुसरे त्या सतरा-अठरा वर्षांच्या पेशव्याची हाक. मागे मारेकरी लागलेले असताना तो गारद्यांना हुकूम देत नाही, आपले पद सांगत नाही. तो ‘काका’ म्हणतो. नात्याचा शब्द ही त्याची शेवटची ढाल होती. ती चालली नाही. मी इतिहासाच्या तासाला हा प्रसंग सांगतो तेव्हा वर्गात ज्या मुलांना काका आहेत त्यांचे चेहरे पाहण्याजोगे होतात.

सत्तावनच्या बंडातला एक प्रसंग वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. हे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. झाशी पडल्यावर पुढे वाटेत एका विहिरीशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटली. धुळीने भरलेली, तहानलेली. भटजी पाणी शेंदून द्यायला निघाले तर तिने त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतः शेंदू लागली. आणि बोलली काय? आपण अर्ध्या शेराच्या धनीण, आपल्याला काय कमी होते, अशा अर्थाचे काही. राज्य गेले, किल्ला गेला, मागे फौज आहे, आणि बाई स्वतःला मोजते ती अर्ध्या शेराच्या मापाने! झाशीवर नाटक लिहिणाऱ्या कुणाही नाटककाराने तिच्या तोंडी तलवार घातली असती. भटजींनी तिच्या हातात पोहरा दिला, कारण त्यांनी तो पाहिला होता.

आता सोऱ्याकडे येतो. अनारसा तुपात सोडला आणि तो फुटून सगळीकडे पसरला, तर आमच्या घरी कुणी ‘बिघडला’ म्हणत नाही. अनारसा ‘हसला’ म्हणतात. पाच दिवस भिजवलेल्या तांदळाचा, गुळाचा, तुपाचा आणि बाईच्या कमरेचा चक्काचूर झालेला असतो, सासू मागे उभी असते, आणि तो हसतो. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’. नारळ फोडायचा तोही ‘वाढवायचा’. घरातून बाहेर पडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, ‘जनावर’ म्हणायचे. आणि ते चावलेच तर ‘पान लागले’. एखादा मुलगा धावत येऊन ‘बाबाला पान लागलं’ म्हणतो तेव्हा त्या पानाने अंगावर जो काटा येतो तो ‘सर्पदंश’ या शब्दाने येत नाही. शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. असेल. पण यात एक शहाणपणही आहे: ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला बोलायला लहान, धरता येण्याजोगा शब्द लागतो. पातेले तापलेले असले म्हणजे उचलायला सांडशी लागते.

तारेचेही असेच होते. आमच्या लहानपणी ‘तार आली’ एवढे दोन शब्द ऐकून बायका रडायला लागत. तारेत काय आहे हे कुणी वाचलेले नसे. ती इंग्रजीत असे, म्हणून शाळेच्या मास्तरांकडे न्यायची. मास्तर चष्मा काढून पुसत, पुन्हा घालीत. ‘सिरीयस’ या इंग्रजी शब्दाची मराठी घरांशी ओळख झाली ती या मास्तरांच्या ओट्यावर. पुष्कळदा तारेत आई ‘सिरीयस’ असे आणि प्रत्यक्षात ती गेलेली असे. पाठवणाऱ्याला प्रवासात माणूस सांभाळायचा असे. सगळ्यांना हे ठाऊक होते, तरी प्रत्येक जण ‘सिरीयस’ शब्दाला धरून गाडीत बसे. २०१३च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. शब्द मात्र राहिला. आज दवाखान्याच्या ओसरीवर खेड्यातली म्हातारीसुद्धा ‘पेशंट सिरीयस हाय’ म्हणते. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना हे खुपते, त्यांना ‘अत्यवस्थ’ हवा असतो. तो वर्तमानपत्रात शोभतो. पण दवाखान्याच्या जिन्यात उभ्या असलेल्या मुलाला ‘अत्यवस्थ’ म्हणता येत नाही हो. जीभ अडखळते. ‘सिरीयस’ ही त्याची सांडशी आहे.

मग आमचे वाङ्मय काय करते? गडकऱ्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर. मराठीत शब्दांचे एवढे वैभव पुन्हा कुणापाशी दिसले नाही हे मी मानतो. परंतु त्यांच्या पात्रांवर प्रसंग जितका कठीण येतो तितकी ती लांब बोलतात. सुधाकर दारूने बुडत चालला आहे, घर मोडत चालले आहे, आणि वाक्यामागून वाक्य, उपमेमागून उपमा कोसळते आहे. प्रेक्षक त्या धबधब्याखाली भिजतो हे खरे. आम्ही नंतरचे लोक मात्र त्या धबधब्याचा नळ करून बसलो. गडकऱ्यांची उपमा निदान त्यांची होती. आमची वाळू उसनी, वीज उसनी, डोळ्यांपुढचे काजवेसुद्धा उसने.

गंमत पाहा, त्याच नाटकाचे नाव किती लहान आहे! दारूड्याच्या विनवणीतले दोन शब्द. आणि आमच्या वाङ्मयातल्या सर्वनाशाच्या मोठ्या कथांची नावे आठवा. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून एका विधवेची आत्मकथा लिहिली, जिच्या केशवपनाचे प्रकरण वाचून माझी आई पुस्तक मिटून उठली होती. नाव काय, तर ‘पण लक्षांत कोण घेतो?’ कुठल्याही स्वयंपाकघरातून ऐकू येईल असे वाक्य. तेंडुलकरांचे १९६७चे नाटक, एका शिक्षिकेला खेळाच्या निमित्ताने पिंजऱ्यात उभे करून सोलून काढणारे. नाव ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. पट्टेवाल्याचे रोजचे बोलणे. ‘खेळ’, ‘गंमत’ असल्या हसऱ्या शब्दांनी तिथे फास आवळत जातो. मोठ्या लेखकाला हे उमजलेले असते की संकट येते तेव्हा घरातले शब्द बदलत नाहीत. त्यांचा आवाज बदलतो. बेणारेबाईचे ते शेवटचे लांब स्वगत मात्र मला थोडे खटकते. त्याआधीची तिची गप्प बसण्याची जागा अधिक बोलकी आहे. नाटकाच्या जाणकारांना हे पटणार नाही याची मला कल्पना आहे.

या बाबतीत मला गुरुस्थानी असलेली पुस्तके दोन. एक लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, १९३४पासून भागाभागाने निघालेली. नवरा १८९५मध्ये ख्रिस्ती झाला. त्या काळातल्या ब्राह्मण बाईवर याहून मोठे संकट कोणते कल्पावे? ती जिवंतपणी विधवेसारखी झाली. पण लक्ष्मीबाई हे सांगताना स्वयंपाकातली फजिती सांगावी तसे सांगतात. सोवळ्याओवळ्याचे घोटाळे येतात, माणसांच्या लकबी येतात, आणि वाचणारा हसता हसता एकदम थांबतो. शब्द वाढवण्याची त्यांना गरज पडत नाही, कारण त्यांना सगळे आठवते. आम्हाला आठवत नाही म्हणून आम्ही वीज कोसळवतो.

दुसरे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’, १९५५चे. मेंढक्यांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरणा मास्तर त्यात आहे, म्हणून माझा पक्षपात असेल. शेवटी दुष्काळ येतो. तो कसा येतो? आकाशाकडे पाहत छाती पिटणारे कुणी नाही. मेंढरे हलतात, माणसे हलतात, शाळेतली पोरे कमी होत जातात. पटावरची संख्या हेच मास्तरच्या दुष्काळाचे माप. माझ्या एका मित्राने, जो स्वतः लेखक आहे, एकदा तक्रार केली की या कादंबरीला ‘क्लायमॅक्स’ नाही. मी त्याला म्हटले, ओस शाळेचे कुलूप कधी लावले आहेस का?

आमची भाषा अजून नवे शब्द घडवते का, अशी शंका मला पूर्वी येई. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ती फिटली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रात्री-अपरात्री फोन वाजायचा आणि पलीकडचा माणूस आकडा सांगायचा. “शहाण्णव आहे.” “सकाळी चौऱ्याण्णव होता.” “नव्वदवर आलाय.” कशाचा आकडा, हे विचारावे लागत नसे. बोटाला लावायचे ते चिमट्याएवढे यंत्र घरोघर आले होते आणि रक्तातल्या प्राणवायूचा भाव सांगत होते. ‘बेड मिळाला का?’ हा त्या दिवसांतला कुशल विचारण्याचा प्रश्न होता. मला राहून राहून पाचावर बसलेली धारण आठवे. त्या दुष्काळातल्या बापाने आणि या फोनवरच्या मुलाने सारखेच केले होते. भीतीचे नाव घेतले नव्हते, आकडा घेतला होता. उद्या ‘नव्वदवर येणे’ असा वाक्संप्रदाय कोशात गेला तर मला नवल वाटणार नाही. आणि परवाच्या कुठल्यातरी कादंबरीत मांजर आडवे गेल्यावर नायक नव्वदवर आला तर त्याचेही वाटणार नाही.

एक आठवण सांगायची राहिली. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

सातवीच्या वर्गावर दुपारचा तास चालू होता. विषय मराठीच, वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग. शिपाई दाराशी आला आणि त्याने मला बाहेर बोलावले. वर्गातल्या एका मुलाचे वडील शेतातल्या मोटारीचा शॉक बसून गेले होते. मामा मोटारसायकल घेऊन फाटकाशी थांबला होता. आत येऊन सांगण्याचे बळ त्याच्यात नव्हते. मी आत गेलो. फळ्यावर माझ्याच अक्षरात पाच वाक्प्रचार लिहिलेले होते, त्यांतला तिसरा आकाश कोसळण्याचा होता. मुलगा तिसऱ्या बाकावर. मी त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो,

“दप्तर घे. मामा आलेत न्यायला.”

तो उभा राहिला. “दप्तर पण घेऊ, सर?”

“हो, घे.”

मुले शहाणी असतात. नुसते घरी बोलावले तर दप्तर वर्गातच राहते, हे वर्गातल्या सर्वांना माहीत होते. चाळीस मुले गप्प झाली. त्याने वही मिटली, पेनाचे टोपण लावले, बाकाखालचा डबा काढला. डबा हलवून पाहिला. मधल्या सुटीत अर्धाच खाल्ला होता.

“हा वाटेत खाऊ का, सर?”

“खा,” मी म्हणालो.

तो गेल्यावर मी फळा पुसला. नंतरच्या माझ्या दोन कादंबऱ्यांत तीन माणसे मेली. त्या तिन्ही जागा मी पुन्हा पुन्हा लिहिल्या, आणि दर वेळी हात आपोआप त्या जुन्या ठरीव शब्दांकडे गेला. पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती मात्र निघाली. वाळू मी दहा ठिकाणची काढली. तलाठ्याच्या पायाखालची एक राहू दिली. प्रकाशक म्हणाले, पान हलेल.